गोधडीचा काठ सपाट करताना

धाकट्या जावेनं सासूबाईंच्या इरकली लुगड्यांची गोधडी शिवली आणि तिचा काठ काही केल्या जमिनीला टेकेना. मधला भाग छान बसला होता. कडेला मात्र उन्हात अर्धवट वाळलेल्या पापडासारखी लाट. एका ठिकाणी हातानं दाबलं की दुसरीकडं उठायची. घडी घालताना कडांवर कडा येत नव्हत्या. जावेनं इस्त्री करून पाहिली होती, वर गाद्या रचून ठेवून पाहिलं होतं. शेवटी इचलकरंजीहून गोधडी मिरजेला माझ्याकडं आली.

ती बघून घरातल्या एकदोघांनी म्हटलं की गोधडीला कसली मापं, ती अशीच असते. मला हे पटत नाही. हाताच्या टाक्यांनी गोधडीच्या पोटावर जी बारीक चुरमट येते ती तिची शोभा आहे, ऊबही त्यातूनच येते. ती मी कधीही इस्त्रीनं मोडणार नाही. पण कडेची लाट ही वेगळी गोष्ट. तिथं कापड जागेपेक्षा जास्त आहे आणि त्याला जायला वाट नाही, एवढाच तिचा अर्थ. अशी कड पायात अडकते, अंगावर ओढताना तिथलाच टाका आधी तुटतो आणि धुण्यात सगळ्यात आधी तीच विरते. सासूबाईंची लुगडी मुळातच पन्नास वर्षं धुतलेली. त्यांच्या गोधडीची कड दोन पावसाळ्यांत फाटावी हे मला नको होतं.

गोधडीची रचना आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वरच्या थरात लुगड्यांच्या अंगाचे चौकोन जोडलेले. आत दोन जुनी लुगडी. खाली मांजरपाटाचं अस्तर. चौकोनांच्या भोवती सहा इंच रुंद काठ: लांबीच्या दोन्ही बाजूंना लुगड्याचेच विणलेले काठ, आणि उशा-पायथ्याला इरकलीचा लाल पदर, ज्यावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे असतात तो. सगळ्यात बाहेर गोट, म्हणजे कड दुमडून झाकणारी अरुंद पट्टी. वरचा थर आणि काठ टेलरकडून मशीनवर जोडून घेतलेला, आतले टाके जावेनं हातानं घातलेले, आणि शेवटी गोट पुन्हा टेलरकडून. टाके सुंदर होते. बोटभर अंतरावर सरळ धावदोऱ्याच्या उभ्या-आडव्या रांगा, पण फक्त मधल्या चौकोनांवर. काठावर एकही टाका नव्हता. "काठाची नक्षी झाकली जाईल म्हणून सोडला, अक्का," ती म्हणाली.

लाट दिसली की हात आधी कात्रीकडं किंवा इस्त्रीकडं जातो. मी टेप घेते. दिवाणखान्यातली फरशी पुसून गोधडी पसरली आणि मधून कडेकडं तळव्यांनी नुसती थोपटत नेली, ओढली नाही. ओढलं की माप खोटं येतं. मग लांबी मोजली, पण कडेनं नाही, मधोमध. आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर पुन्हा. तिन्ही मापं ८४ इंचांच्या आसपास आली, फरक दोन सुतांचा (आठ सूत म्हणजे एक इंच). म्हणजे गोधडीची खरी लांबी ८४, सात फूट. आता कडा: एक ८७, दुसरी ८६.५. रुंदी मधोमध ६०. उशाची कड ६३.५, पायथ्याची ६३.२५. कर्णही मोजले. ते सारखे निघाले, म्हणजे गोधडी तिरकी झालेली नव्हती. ती मधल्या मापाची होती आणि तिच्या कडा दुसऱ्याच मापाच्या होत्या.

गोधडीचं माप मधून घ्यायचं, कडेवरून नाही, हे मी कुणालाही पहिलं सांगते. कड सतत हाताळली जाते, ओढली जाते, चौकोनांच्या टोकांचे सुटे धागे तिथं असतात, ती लांबणारच. कडेला पट्टी लावत लावत नेली आणि शेवटी उरलेलं टोक कापून टाकलं, की लांबलेल्या कडेला लांबलेलाच काठ मिळतो. झालर करताना आपण हेच मुद्दाम करतो, आखूड कापडाला लांब कापड लावतो.

पण माप कळलं म्हणजे कारण कळलं असं नाही. या गोधडीत कारणं एकाहून जास्त होती, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून उसवायला घाई केली नाही.

पहिला संशय टाक्यांवर होता. धावदोरा कापड आत ओढतो. प्रत्येक टाक्याला सुई खाली-वर जाते, चार थर दाबले जातात आणि रांग केसभर आखूड होते. शेकडो टाक्यांत तो केस इंचाचा होतो. किती, ते बघायला मी तेच थर घेतले, जुन्या लुगड्याचे तीन तुकडे आणि खाली मांजरपाट. एक फूट चौरस कापले आणि जावेच्याच अंतरावर, तिच्याच दोऱ्यानं टाके भरले. तुकडा रांगांच्या दिशेनं ११ इंच ५ सूत भरला. फुटामागं ३ सूत गेले. सात फुटांना २१ सूत, म्हणजे अडीच इंच आणि एक सूत. लांबीच्या कडांना नेमका तेवढाच, अडीच-तीन इंचांचा फरक होता! म्हणजे काठ जोडला तेव्हा तो बरोबरच होता. नंतर मधला भाग टाक्यांनी आत गेला आणि बिनटाक्यांचा काठ होता तिथंच राहिला. टेलरचा तिथं काही दोष नव्हता आणि जावेच्या टाक्यांचाही नव्हता. काठावरही टाके भरले असते तर सगळं एकत्र आटलं असतं.

उशा-पायथ्याचं गणित मात्र एवढ्यानं सुटेना. पाच फुटांना १५ सूत, म्हणजे जेमतेम दोन इंच. इथं साडेतीन जास्त होते. उरलेला दीड इंच कुठून आला?

तो पदराच्या पट्टीतून आला होता. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, घट्ट ताणलेले असतात. आडवा बाणा त्यांच्यातून वळणं घेत जातो. त्यामुळं कोणतंही सुती कापड लांबीत ओढलं तर फारसं हलत नाही, पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, ओढलं तर सहज देतं. हातात घेऊन दोन्हीकडं ओढून बघा, लगेच कळतं. लांबीचे काठ लुगड्याच्या लांबीत कापलेले, त्यात विणलेला काठ म्हणजे दाट धाग्यांचा, ते जागचे हलले नव्हते. पदराच्या पट्ट्या पन्ह्यात कापलेल्या, पन्हा पुरत नाही म्हणून मध्ये जोड दिलेला, आणि कापड जुनं, मऊ झालेलं. मशीनवरून जाताना त्या लांबल्या. त्यावर गोट लावताना पुन्हा लांबल्या, कारण तेव्हा चार थरांची जड गोधडी मशीनच्या टेबलावरून खाली लोंबत असते आणि तिचं वजन सुईखालच्या कडेला ओढत राहतं. मी गोट लावते तेव्हा मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागं स्टूल लावून सगळी गोधडी उचलून ठेवते. आपल्याकडच्या शिवणकामाच्या दुकानांत तेवढी जागा नसते, हे मला समजतं.

आणखी एक गोष्ट गोट उसवताना दिसली. तो उरेब पट्टीचा होता, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेला. ब्लाउजच्या गळ्याला उरेबच लागते, कारण गळा गोल असतो आणि पट्टी वळायला हवी. सात फुटांच्या सरळ कडेला वळायचं काही नसतं. तिथं उरेब पट्टी फक्त लांबत जाते. सरळ कडेच्या गोटाला मी नेहमी कापडाच्या लांबीतलीच पट्टी कापते.

आता उपाय. माझा स्वतःचा अंदाज असा आहे. पाच-सहा फुटांत अर्ध्या इंचापर्यंतची लाट पाण्यानं आणि वाफेनं बसते. इंच-दीड इंच असेल तर टाक्यांनी ओढून घेता येते. त्याहून जास्त असेल आणि टाके आधीच भरलेले असतील, तर उसवण्याला पर्याय नाही. इथं लांबीच्या बाजूंना फरक मोठा होता, पण टाके भरायचेच राहिले होते, म्हणून उसवायची गरज नव्हती. पदराच्या पट्ट्या मात्र काढाव्या लागणार होत्या. हे जावेला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. तो पदर सासूबाईंच्या शेवटच्या काळातल्या लुगड्याचा. "पदर बदलणार नाही," मी सांगितलं, "तोच परत लावते."

गोट चारी बाजूंनी काढला. उसवताना दोरा ओढायचा नाही. चार-पाच टाक्यांनंतर एक टाका कापत जायचं आणि मग मागच्या बाजूचा दोरा उचलायचा, तो आपोआप सुटतो. जुन्या कापडावर हे फार जपून करावं लागतं; ओढलेला दोरा कापड चिरत जातो. मग पदराच्या पट्ट्या वरच्या थरापासून सोडवल्या. आतली लुगडी आणि अस्तर तसंच राहू दिलं.

पट्ट्यांना पाणी लावण्याआधी रंग तपासला. पांढरा ओला फडका लाल पदरावर दाबून धरला. फडक्यावर फिकट गुलाबी डाग आला. त्यामुळं पुढं जिथं जिथं पाणी लागलं तिथं हबका अगदी हलका मारला आणि पट्टीच्या खाली-वर पांढरा सुती कपडा ठेवला. मग पट्टी उलटी टाकून हातानंच आडवी आकसून घेतली, वाफ दिली आणि इस्त्री वरून टेकवत गेले. टेकवायची, उचलायची, पुढं टेकवायची. इस्त्री सरकवली की ओलं कापड तिच्यापुढं लांबत जातं, आणि काठ लहरी होण्याचं तेही एक कारण असतं. पदरात आर्ट सिल्कचे, म्हणजे कृत्रिम रेशमाचे धागे असल्यानं इस्त्री मध्यम ठेवली आणि मधला कपडा काढला नाही. तेवढ्यानंच पट्टी पाऊण इंच आत आली.

तिला पुन्हा लांबू द्यायचं नव्हतं. म्हणून जुन्या मलमलीची तेवढीच पट्टी कापली, पण मलमलीच्या लांबीत. ती पदराच्या मागं ठेवून हातानं मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरली. पदराचा बाणा ज्या दिशेनं देतो त्या दिशेला आता मलमलीचा ताणा आला. विरलेल्या पदराला आधारही झाला.

मग लांबी. सरळ हिशोबानं पट्टी ६० इंच कापायला हवी असं वाटेल. पण या पट्टीवर मी टाके भरणार होते आणि टाके पुन्हा फुटामागं सुतं खाणार होते. नेमकी ६० कापली असती तर टाके भरल्यावर ती ५८ वर आली असती आणि गोधडीची टोकं आतल्या बाजूला वळली असती. तो झोळ लाटेपेक्षा वाईट, कारण तो इस्त्रीनं कधीच जात नाही. म्हणून पट्टी ६१.५ इंच ठेवली, शिवणीसाठीचं कापड वेगळं, आणि टाक्यांच्या रांगा मध्यापेक्षा विरळ घालायचं ठरवलं. दीड बोट अंतर. जास्त जवळ रांगा घातल्या की कापड जास्त आवळतं, म्हणून हे अंतर हातातलं हत्यार आहे.

पट्टी लावताना आधी दुमडून तिचा मध्य काढला, मग अर्ध्याचे अर्धे, मग आणखी अर्धे. प्रत्येक ठिकाणी टाचणी. गोधडीच्या कडेवरही तशाच आठ भागांच्या खुणा. टाचणीला टाचणी जुळवली. दोन टाचण्यांच्या मध्ये पट्टीला जे थोडं कापड जास्त राहतं ते तिथल्या तिथं मुरवायचं, पुढं ढकलायचं नाही. एका टोकापासून लावत गेलं की सगळं जास्तीचं शेवटच्या कोपऱ्यात साठतं. मशीनवर घालताना पट्टी खाली ठेवली, गोधडी वर. मशीनचे दात खालचं कापड पुढं ओढतात आणि वरचा पाय वरच्या कापडाला जरा अडवून धरतो, त्यामुळं खालचा थर नेहमी किंचित जास्त खपतो. ज्या थरात कापड जास्त आहे तो दातांच्या बाजूला, हे लक्षात ठेवलं की मशीन स्वतःच मदत करतं. माझं मशीन जुनं काळं उषाचं आहे. पायाच्या दांड्याच्या वर जो फिरवायचा स्क्रू असतो तो दोन आट्या सैल केला, म्हणजे पाय जाड कापडावर फार दाबून बसत नाही. हा स्क्रू आपल्या मशीनला आहे हेच पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. ब्लाउजचं पातळ कापड आणि गोधडी दोन्ही त्याच दाबावर शिवली जातात आणि मग वरचा थर पुढं सरकतो म्हणून आपण दोऱ्याला दोष देतो.

दोन्ही पदर परत लागले, त्यांवर ठरवलेल्या विरळ रांगाही भरल्या. आता लांबीचे काठ.

इथं मला वेळ लागला आणि इथंच मन रमलं. काठावर धावदोऱ्याच्या रांगा घालायच्या होत्या आणि त्या काठाला समांतरच हव्या होत्या. हे महत्त्वाचं आहे. धावदोरा ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं कापड आखडतं. काठाच्या रुंदीत आडवे टाके घातले असते तर काठ थोडा अरुंद झाला असता आणि लांबी तशीच राहिली असती, लाटेला काहीच झालं नसतं. काठावर शंकरपाळी किंवा वेलबुट्टीचे टाके घालून लाट गेली नाही म्हणून हळहळणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. लांबी कमी करायची असेल तर रांग लांबीतच गेली पाहिजे.

प्रत्येक रांग बाजूच्या मधोमध सुरू केली आणि तिथून दोन्ही कोपऱ्यांकडं वेगवेगळी नेली. दोऱ्याला मेण लावलं. चार-पाच टाके सुईवर भरायचे, दोरा ओढायचा, आणि ओढताना अंगठ्यानं कापड किंचित मागं सारून मगच हात सोडायचा. फार ओढलं तर चुण्या पडतात. सैल सोडलं तर काही आखडत नाही. वीतभर झालं की टेप लावून बघत होते. जावेला नक्षी झाकली जाण्याची भीती होती, म्हणून दोरा काठाच्या रंगाचा घेतला आणि रांगा नक्षीच्या मधल्या मोकळ्या रेघांवरून नेल्या. टाके जवळून बघितले तरच दिसतात.

दोन्ही काठ भरून झाल्यावर मापं घेतली. ८७ ची कड ८५.२५ वर आली होती, दुसरी ८५ वर. म्हणजे नमुन्याच्या तुकड्याएवढा काठ आखडला नाही. विणलेल्या काठात धागे इतके दाट असतात की टाक्यांना मुरायला जागाच कमी. नमुना मी लुगड्याच्या अंगाचा केला होता, काठाचा नाही, त्यामुळं हा फरक राहणार हे धरलंच होतं. उरलेल्या इंच-सव्वा इंचासाठी अगदी बाहेरच्या कडेपासून दोन सूत आत, जिथं नंतर गोट झाकणार होता तिथं, दुहेरी दोऱ्यानं बारीक धावदोरा घातला. एक दोरा मध्यापासून एका कोपऱ्याकडं, दुसरा दुसऱ्याकडं. टोकं गाठ न मारता लांब सोडली. मग फरशीवर ८४ इंचांच्या दोन खुणा करून कड त्यांच्यात ठेवली आणि दोरा हळूहळू ओढत, चुरमट बोटांनी सगळीकडं सारखी पसरवत, कड खुणांपर्यंत आणली. पाव इंच राहू दिला. जुन्या कापडाला शेवटच्या सुतापर्यंत ओढण्यात अर्थ नसतो.

मग पाणी. जुनी जाड सतरंजी खाली घालून त्यावर गोधडी पसरली, कडांवर हबका मारला, पदरावर मघाशी सांगितल्याप्रमाणं अगदी हलका. काटकोन बघायला गवंड्यांची रीत वापरली: कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण केली, त्या दोन खुणांमधलं अंतर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. चारही कोपरे असे बसवून सतरंजीला टाचण्या लावल्या, प्रत्येक बाजूला आधी मध्यावर, मग कोपऱ्यांवर, मग मधल्या जागी. टाचण्या न गंजणाऱ्या घ्याव्यात. ओल्या कापडात रात्रभर राहिलेली साधी टाचणी तांबडा डाग देते आणि तो सहजासहजी निघत नाही. पंखा लावून दार ओढून घेतलं. पूर्ण सुकेपर्यंत उचलायची नाही. अर्धवट ओली उचलली तर तिच्याच वजनानं ती पुन्हा लांबते. म्हणूनच गोधडी दोरीवर एका कडेला चिमटे लावून वाळत घालू नये, दोन दोऱ्यांवर आडवी टाकावी. धुण्याबद्दल जावेला पहिली सूचना हीच दिली.

सुकल्यावर दोरीला खडू लावून, ताणून, चारी बाजूंना सरळ रेघा मारल्या आणि रेघेबाहेरचं अस्तर आणि आतली लुगडी कापली. वरच्या काठाला कात्री लावावी लागली नाही. गोटासाठी गडद हिरव्या सुती कापडाच्या पट्ट्या लांबीत कापल्या. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून घेतलं होतं. कोरं सुती कापड, त्यातही खळ असलेलं मांजरपाट, पहिल्या पाण्याला आटतं. अस्तर कोरं आणि वरची लुगडी आयुष्यभर धुतलेली असली की पहिल्या धुण्यात एकच थर आखडतो आणि वरच्या थराला झोळ येतो. जावेनं अस्तर पाण्यातून काढून घेतलं होतं का, हे मी पहिल्याच फोनला विचारलं होतं. घेतलं होतं. नसतं घेतलं तर मी गोधडी आधी धुऊन मगच मापं घेतली असती.

गोटाच्या पट्ट्या कडेच्या नाही, मधल्या मापाच्या. पुन्हा आठ भाग, पुन्हा टाचण्या. वरून मशीन, खालून हातानं तुरपाई. कोपऱ्यात तिरकी घडी घालून ती आतून दोन टाक्यांनी बांधली.

हे सगळं चालू असताना मला माझ्या आजीच्या वाकळी आठवत राहिल्या. त्यांना वेगळा काठ नसायचा. थर एकावर एक घालायचे, कडा आत दुमडायच्या आणि टाके बाहेरच्या कडेपासून सुरू करून चौकोनात फेऱ्या घालत मध्याकडं न्यायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही टाका कडेपासूनच निघतो. त्या एका कोपऱ्यापासून कड बांधत फेरी घालतात, आत जाता जाता कापडाचे तुकडे ठेवत, दुमडत जातात आणि मध्याशी येऊन संपवतात. कोपऱ्यांना कापडाची छोटी घडी करून लावतात, तिला फुला म्हणतात. या रीतीत कड सगळ्यात आधी पक्की होते आणि जे काही जास्तीचं कापड असेल ते आतल्या तुकड्यांच्या घड्यांत मुरतं. कडेला लाट यायला जागाच नाही. आपण वरचा थर आधी पूर्ण जोडून, त्याला काठ लावून, मग मधून टाके घालायला लागलो तेव्हापासून काठाची ही अडचण आली, असं माझं मत आहे. चौकोन जोडलेली गोधडी मलाही आवडते, तिच्यात प्रत्येक लुगडं वेगळं दिसतं. पण तिला काठाचा वेगळा विचार द्यावा लागतो, आणि तो विचार पट्टी कापायच्या आधी करावा लागतो.

गोधडी तयार झाल्यावर मापं घेतली. लांबीच्या कडा ८४.२५ आणि ८४.५, उशाला ६०.२५, पायथ्याला ६०.५. मधली मापं होती तीच. जाऊ न्यायला आली तेव्हा तिनं आधी काही न बोलता गोधडी फरशीवर टाकली, चारी बाजूंनी फिरून हात फिरवला आणि मग चौघडी घातली. कडांवर कडा बसल्या. पायथ्याच्या डाव्या कोपऱ्याशी पदराचा जोड येतो तिथं अजून थोडा फुगवटा आहे. तो मी ठेवला. तिथलं कापड इतकं विरलंय की आणखी एक टाका घातला तर फाटेल. तिला तो दाखवला आणि कारणही सांगितलं.

पहिल्या धुण्यानंतर तिचा फोन आला. काठ तसाच सपाट आहे, लाल रंग थोडा मलमलीवर उतरलाय, वर कुठं दिसत नाही.

सासूबाईंची लुगडी अजून आहेत आणि नणंदेलाही गोधडी हवी आहे. ती आम्ही दोघी मिळून करणार आहोत. काठावर सुरुवातीपासून टाके घालायचे, तेही काठाला समांतर, आणि पदर पन्ह्यात कापला तर मागं मलमल. नमुन्याचे तुकडे या वेळी दोन करायचे, एक अंगाचा आणि एक काठाचा. मांजरपाट इचलकरंजीतूनच घ्यायचं आणि पाण्यातून काढून आणायचं काम तिच्याकडं आहे. काठाच्या पट्ट्या मी कापणार, पण मधल्या चौकोनांची लांबी-रुंदी तीन ठिकाणी मोजून तिनं मला कळवल्यावरच.